कपाटातली बातमी

९ नोव्हेंबर २००९, सोमवार

दुपारी कोमलचा फोन. मी सोडलेलं काम आता ही मुलगी करते — आकाशवाणीला आमच्या भागातल्या बातम्या देते. हुशार आहे, बोलते मात्र घाईघाईत.

"सर, तुमची थोडी माहिती हवी होती. जन्मगाव, शिक्षण, वार्ताहर कधी झालात, पुस्तकांची नावं, साल..."

कशाला गं?

"असंच. असावी म्हणून."

असावी म्हणून! हे शब्द मी ओळखतो. आयुष्यभर मीच ते वापरत आलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नाव मिळवलेलं माणूस म्हातारं झालं, आजारी पडलं, की त्याच्या निधनाची बातमी आधीच लिहून ठेवायची. जन्म, काम, पुस्तकं, पदकं सगळं तयार, फक्त तारीख आणि वेळ कोरी. बातम्यांच्या खोलीत त्यासाठी एक कपाट असायचं, म्हणून आम्ही तिला कपाटातली बातमी म्हणायचो. ऐन वेळी धावपळ नको! माहिती गोळा करताना खरं कारण सांगायचं नाही. गौरवांक निघतोय म्हणायचं, नाहीतर — असावी म्हणून. पेणच्या एका वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांना मी असाच फोन केला होता. ते हसले. म्हणाले, "लिहा, लिहा. पण माझ्यासाठी घाई करू नका."

फोन ठेवता ठेवता कोमल म्हणाली, "तुमच्या आवाजातल्या जुन्या टेप आहेत का घरी? नसल्या तर असू द्या, मी नीताताईंना विचारीन. त्यांचा नंबर आहे माझ्याकडे."

नीता माझी मुलगी. रोडपालीला राहते, बँकेत नोकरी करते. रेडिओवाल्यांकडे तिचा नंबर कशासाठी?

१० नोव्हेंबर

खोकला आज जास्त वाटतो. काल सकाळपर्यंत इतका नव्हता!

१२ नोव्हेंबर

शांतपणे मांडून बघतो.

गेल्या महिन्यात नीता आम्हा दोघांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. निमित्त माझ्या खोकल्याचं. रक्त, फोटो, स्कॅन. "एवढे आलोच आहोत तर आईचंही करून घेऊ," म्हणून सुमतीच्याही तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला नीता एकटी गेली. आली, चपला काढता काढता म्हणाली, "ठीक आहे सगळं, बाबा." माझ्याकडे न बघता. मग पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

तेव्हापासून ती सारखी येते. मायलेकी स्वयंपाकघरात बसतात. मी दारात गेलो की बोलणं थांबतं आणि नीता भलतंच काहीतरी विचारते — "बाबा, पळस्प्याचा पूल झाला का हो सुरू?" पळस्प्याच्या पुलाचं हिला काय पडलंय!

एका तोंडून आलेली बातमी द्यायची नाही, दोन ठिकाणी खात्री करायची, हे मी पहिल्या दिवशी शिकलो. कोमलचा फोन हे एक ठिकाण, नीताचा चेहरा हे दुसरं. बातमी पक्की.

घाबरलो का? पहिले दोन दिवस घाबरलो. आज नाही. वेळ बांधून दिली की माझं डोकं नीट चालतं. सवय आहे. वाईट एवढंच वाटतं की सुमती सगळं एकटीनं पोटात ठेवून वावरते आहे, आणि माझ्यासमोर हसते आहे.

१५ नोव्हेंबर, रविवार

कोमलसाठी टिपण लिहायला बसलो. स्वतःची कपाटातली बातमी स्वतः लिहिणारा मीच पहिला असेन!

जन्म वडखळजवळ, १९३९. पनवेलला शाळेत मराठी शिकवायला आलो. दोन वर्षांतच शाळा सांभाळून बातम्या द्यायला लागलो, कारण रेडिओला इथे माणूस हवा होता आणि माझं घर पोस्टाजवळ होतं. पोस्टातून ट्रंक कॉल लावायचा, लाइन मिळेपर्यंत उभं राहायचं, मिळाली की "हॅलो, पनवेल!" असं जीव खाऊन ओरडायचं. रांगेतल्या माणसांना बातमी मुंबईच्या आधी कळायची. घाटातल्या दरडी, खाडीचं भरतीचं पाणी शिरलेली भातशेती, बंदरासाठी गेलेल्या जमिनी, मोर्चे, नौका. पुढे जिल्हा वार्तापत्र माझ्याच आवाजात जायला लागलं. तेव्हा बाजारात माझा चेहरा कोणी ओळखायचं नाही, पण मी भाव विचारला की भाजीवाली मान वर करायची.

पुस्तकं दोन. 'पळस्पे फाट्यावरून' आणि 'खाडीपलीकडची खबर'. पहिलं बरं आहे. दुसऱ्यात मी जरा जास्त बोललो. लिहिली का? तर रेडिओची बातमी बोलली की हवेत जाते. कात्रण नाही, काही नाही. म्हातारपणी दाखवायला हातात काय, असं एकदा सुमती म्हणाली होती.

ती माझी पहिली श्रोती. बातमी द्यायला निघण्याआधी मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचो. ती भाकऱ्या थापत असायची, मान वर करायची नाही. मधेच "काय?" म्हणाली की ते वाक्य मोडायचं. तिला भाकरी थापता थापता कळलं, तर जिल्ह्याला कळणार. पुस्तकांची पानंही तशीच वाचली. आवडलं असं ती कधी म्हणाली नाही. "कळलं" म्हणायची. त्यावर मी खूश असायचो.

टिपणात तिला कुठे घालावं ते सुचेना. अशा बातमीत एकच जागा असते — 'त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगी असा परिवार आहे.' मी ही ओळ शेकडो वेळा लिहिली. आज तिथे बराच वेळ थांबलो.

२३ नोव्हेंबर

तिसरं पुस्तक हातावेगळं करायचं. दुसरं काही नको.

'दोन ओळींची माणसं'. बातमीत दोन ओळींपुरती येऊन गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं, ते जाऊन विचारायचं. बरीच प्रकरणं झाली आहेत. वीटभट्टीवरून सुटलेला जैतू झाला, टपाल नाक्याच्या आगीतून वाचलेले शिंपी झाले. शेवटचं राहिलं आहे — नौका बुडाल्याचं.

आज दयारामच्या छापखान्यात गेलो. माझी दोन्ही पुस्तकं त्यानंच काढली. म्हणालो, फेब्रुवारीपर्यंत पुस्तक बाहेर यायला हवं.

"घाई कसली, सर? तुमचं पुस्तक म्हणजे काय मेथीची जुडी आहे, पिवळी पडायला?"

हवंय मला, म्हटलं.

"मागचं चार वर्षं घोळवलंत! मी छपाईचे खिळे टाकून कॉम्प्युटर आणला, तरी तुमची प्रस्तावना येईना." मग माझ्याकडे बघून जरा थांबला. "बरं. करू. पण शेवटचं प्रकरण डिसेंबरअखेर द्या. आणि वहिनींना दाखवूनच द्या, नाहीतर परत कॉमे बदलत बसाल."

१ डिसेंबर

सुमतीनं आज साड्या काढल्या. पलंगभर पसरल्या. नीताला म्हणत होती, ही जांभळी तू ने, ही जरीची तू ने, हिचा पोत बघ, अजून पन्नास वर्षं टिकेल.

"अगं आई, राहू दे ना तुला."

"मला आता कशाला एवढ्या? कुठे नेसून जाणार आहे?"

मी पेपर वाचतोय असं दाखवत बाहेर बसलो होतो. सगळ्या रंगीत साड्या गेल्या. मागे राहिल्या त्या फिक्या. सत्तरीकडे आलेली बाई, पण रंगांची हौस अजून शाबूत होती. माझ्यानंतरची तयारी माझ्या डोळ्यांदेखत चालली आहे आणि मी काही बोलू शकत नाही!

६ डिसेंबर, रविवार

सुमती मला स्वयंपाक शिकवते आहे. परवा कुकर, काल पिठलं. आज भात. म्हणे, "पाणी बोटाच्या पेरानं मोजायचं. तेवढं आलं की माणूस उपाशी मरत नाही."

या वयात? म्हटलं.

"वयाचं काय त्यात? नीता काय रोज येणार आहे डबा घेऊन?"

माझं मन गुंतवायचा बेत आहे हा. मी गुंततो. पिठल्यात गुठळ्या झाल्या. ती हसली, इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. किती दिवसांनी! स्वतः मात्र जेमतेम दोन घास खाल्ले. हल्ली जेवतच नाही. गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत. माझ्या काळजीनं तिची ही दशा व्हायला नको.

१० डिसेंबर

सुमतीचा डोळा लागला होता. बाहेरच्या खोलीत बसून खोकला दाबत होतो. तिची झोप मोडायला नको.

१४ डिसेंबर, सोमवार

शेवटच्या प्रकरणासाठी उरणला भीमाबाईकडे जाऊन आलो. मोठा दिवस गेला. सगळं नीट लिहून ठेवतो.

उरणची एस.टी. पूर्वी या वाटेवर दोन्ही बाजूंना मिठागरं दिसायची, आता द्रोणागिरीपर्यंत नुसती गोदामं आणि एकावर एक रचलेले कंटेनर. कोळीवाडा आहे तिथेच आहे, पण समुद्र दिसत नाही. भीमाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. माझ्याच वयाची. लांबूनच ओळखलं तिनं, तेही मी कोणाला तरी वाट विचारत होतो तेव्हा. आवाजावरून!

"ये रं रेडिओवाल्या! अजून जिता हायस?"

आहे अजून, म्हटलं.

१९७८ सालची बातमी. मासेमारीची नौका वादळात सापडली, तिघे बेपत्ता. त्यात भीमाबाईचा नवरा. प्रेत सापडल्याशिवाय आम्ही 'मृत' म्हणायचं नाही, हा नियम. तिघेही सापडले नाहीत. म्हणून पुढची बातमी कधी गेलीच नाही. दोन ओळी, आणि संपलं.

मी तेच विचारलं — नंतर काय झालं?

"काय होनार? तू बोल्लास बेपत्ता. शेजारच्या रेडिओवर मी ऐकला. बाया आल्या, बोलल्या, अगो भीमे, पूस ता कुकू. मी बोलले, नाय पुसनार! रेडिओवाला मेला बोल्ला काय? नाय ना? मंग!" आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "दोन पावसालं कुकू लावला मी तुझ्या जिवावर."

मला हसावं की काय कळेना. मग ते बरं झालं का वाईट, विचारलं.

सुकटातला कचरा वेचत राहिली. मग म्हणाली, "बरा झाला. एकदम तोरलास ना तं सोसत नाय. पन एक वाईट झाला. माझी सासू. तिला ठाव होता पोर जेला, मना ठाव होता घोव जेला. एका घरान र्‍हायलो, एका तव्यावर भाकरी केल्या, पन बोलली नाय कोन. ती माझ्यासाठी गप, मी तिच्यासाठी गप. ती चुलीजवल रराची, मी होरीजवल. एकदा गल्यान गला घालून रल्लो असतो तं... मंग म्हातारी पन जेली. र्‍हायला ता र्‍हायलाच."

तिच्या सुनेनं चहा आणला. भीमाबाईनं विचारलं, "बाय का नाय आली? ती येयाची ना तुझ्याबरोबर, सुके बोंबील न्यायला."

म्हटलं, तिला जरा बरं नसतं. जेवण जात नाही.

"का?"

माझ्या काळजीनं, म्हटलं. माझ्या तब्येतीचं जरा आहे.

भीमाबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सगला तुझाच कसा रं?" म्हणाली, आणि कागदात बोंबील बांधायला लागली. "घे. बायला दे. बोल, भीमानं दिलंय, खायाचाच हाय."

उगाच जीभ चालवते. कोळणीच्या जिभेला कोण अडवणार! परतीच्या गाडीत मात्र सासू-सुनेचंच डोक्यात होतं. एक चुलीजवळ रडायची, एक होडीजवळ.

१९ डिसेंबर

प्रकरण झालं. चार दिवसांत. इतकं सलग मी कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं. भीमाबाईचे शब्द तसेच ठेवले, सुधारले नाहीत.

२० डिसेंबर, रविवार

सुमतीला वाचून दाखवलं. पूर्वी ती काम करता करता ऐकायची, आज पलंगावर पडून ऐकलं. डोळे मिटलेले. मधे एकदाही "काय?" नाही. वाटलं, झोप लागली.

शेवटाला आलो तर म्हणाली, "ते परत वाचा. सासूचं."

परत वाचलं. ती चुलीजवल, मी होरीजवल.

डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. मग उठून बसली. "अहो —" म्हणाली. मी थांबलो. आता सांगणार ही. तेवढ्यात बेल वाजली, नीता आली, हातात डबा. "बाबा, डोळे का असे लाल? रडलात?" मी म्हटलं, बोंबलाचा वास! सुमती पुन्हा आडवी झाली.

भीमाबाईनं दिलेले बोंबील मीच भाजले होते. सुमतीनं एक चाखला. म्हणाली, "तिला सांगा, छान आहेत."

२४ डिसेंबर

कोमलनं पुन्हा फोन केला. टेप मिळाल्या, म्हणे. नीतानं माळ्यावरून काढून दिल्या. "सर, एक दिवस स्टुडिओत याल का? थोडं बोलायचंय तुमच्याशी. जमेल तितक्या लवकर."

मी काम असं करायचो नाही. ज्याची बातमी कपाटात ठेवायची त्यालाच बोलावून घ्यायचं? नव्या पोरांची रीत वेगळी असेल. येतो, म्हटलं. आवाज तरी चांगला लागायला हवा.

२७ डिसेंबर, रविवार

हस्तलिखित दयारामला दिलं. त्यानं वजन केल्यासारखं हातात तोललं. "वहिनींनी ऐकलं?" हो, म्हटलं. "मग छापतो."

हलकं वाटतंय. आता एकच काम उरलं.

आम्ही दोघं एका छपराखाली राहून एकमेकांसाठी गप्प आहोत. तिला वाटतं मला माहीत नाही. मी तिला तसंच वाटू देतो आहे. दया म्हणून, प्रेम म्हणून, काहीही म्हणून. भीमाबाईसारखं मागे राहून तिनं पुढे म्हणू नये, की राहिलं ते राहिलंच. तिला मोकळं करायला हवं. रडायचं तर माझ्याजवळ रडू दे.

उद्या नीता येणार नाही. उद्या सांगतो. वाक्य मनात जुळवून ठेवलं आहे. छोटं, एका श्वासात येणारं. 'सुमती, मला सगळं कळलं आहे, आता लपवू नकोस.' तिचा हात हातात घ्यायचा. ती रडली तरी आपण रडायचं नाही. तिला धीर द्यायचा.

२८ डिसेंबर

सकाळी, चहा पिताना सांगितलं. ठरवल्याप्रमाणे हात हातात घेतला.

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आधी चकित होऊन, मग फार मायेनं — लहान मुलाकडे बघावं तसं.

"तुमच्यात काहीच निघालं नाही हो," म्हणाली. "खोकला धुळीचा आहे. निघालं ते माझ्यात. पोटात. डॉक्टर म्हणाले, आता उशीर झालाय. तुमचं पुस्तक होईपर्यंत सांगू नकोस, असं मीच नीताला बजावलं होतं."

माझा हात तिच्या हातातच होता. आता तिनं तो घट्ट धरला होता.

मी विचारलं — मग कोमल?

"तिला मीच सांगितलं. तुमच्यावर एक कार्यक्रम कर, आणि लवकर कर म्हणून. मला ऐकायचाय."